शेवटचा आकडा

नझीर दळवी कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला भागातल्या एका गोदामात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. माणूस एरवी मितभाषी, पण कुरव पक्ष्यांचा, म्हणजे सीगलचा, विषय निघाला की थांबायचं नाव नाही. दर शुक्रवारी सकाळी मी त्यांना रिग्गईहून माझ्या गाडीतून सुलैबिखातच्या किनाऱ्यावर न्यायचो. ओहोटीच्या चिखलात उतरलेल्या कुरवांच्या पायांतल्या कड्यांवरचे आकडे ते दुर्बिणीतून वाचायचे आणि वहीत लिहायचे. मी आपला ड्रायव्हर, आणि थर्मासमधला चहा संपवायला.

एका कुरवावर त्यांचा फार जीव होता. पिवळं कडं, आकडा ७१४८. पिल्लू असताना कास्पियन समुद्रातल्या एका बेटावर ते त्याच्या पायात घातलं होतं, असं त्यांना तिकडच्या पक्षीअभ्यासकांनी कळवलं होतं. नऊ हिवाळे तो न चुकता आला. "माज्यासारखाच. लहानपनीच घर सोडलंन," नझीरभाई म्हणायचे.

या जानेवारीत ते कायमचे रत्नागिरीला परतणार होते, आणि यंदा ७१४८चाच पत्ता नव्हता. तो जिवंत आहे की नाही, एवढंच त्यांना जाण्याआधी कळायला हवं होतं. शेवटच्या शुक्रवारी एकदाचं पिवळं कडं दिसलं. सात, एक, चार... आणि शेवटच्या आकड्यावर चिखल. तासभर आम्ही डोळे ताणले. मग भरती आली आणि थवा उडाला.

"तोच आहे! लिहा आठ," मी वैतागलो. "इथे कोण तपासायला येतंय?"

"नाय दिसला, तो नाय लिवायचा."

त्यांनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं. मला त्यांचा रागच आला. विमानतळावर त्यांनी वही आणि दुर्बीण माझ्या हातात ठेवली आणि मागे न बघता आत गेले.

पुढच्या शुक्रवारी मी एकटाच गेलो. तो कुरव दगडावर उभा होता, पाय स्वच्छ. ७१४३. मी चारदा पाहिलं. तीनच.

मी तिथूनच रत्नागिरीला फोन लावला. त्यांच्या बायकोने, सुगराभाभींनी, उचलला आणि लगेच त्यांच्याकडे दिला.

"दिसला?"

आठ म्हणायला काय जात होतं माझं? म्हातारा त्या दिवशी सुखाने जेवला असता. पण वही मांडीवर उघडी होती, त्यांच्या प्रश्नचिन्हासकट.

"तीन आहे, नझीरभाई."

मी पेनाचं टोपण काढलं.

"मंग आपला नाय आला," ते म्हणाले. "पन हा लिव, मोरेश्वर. त्याच बेटावरचा आसल. ह्याचीपन कोन तरी वाट बगत आसल."