उशीचा अभ्रा

एवढं थोराड कुत्रं दिवाणावर लोळतं, तुम्हाला किळस नाही का येत, असं लोक विचारतात. येते, पण हरण्याची नाही.

हरण्या आमचा कारवानी, लांब तंगड्यांचा, जन्मापासून पोट खपाटीला गेलेला शिकारी कुत्रा. हे कुत्रे वासावर नाही, नजरेवर शिकार करतात. माळापल्याडचा ससा त्याला दिसतो. घरात मात्र कुणी समोर आलं की तो मान वळवून खिडकीबाहेर बघतो. माणसाला न्याहाळू नये, हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

काल मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील हरण्याशेजारी दिवाणावर बसले आणि त्याच्या फासळ्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "खायला घालता ना याला?" मग अंगठ्याने ओठ वर करून त्याचे दात बघितले. "आई-बाप दोन्ही जातीचेच ना? भेसळ नको." ओला अंगठा त्यांनी आमच्या उशीला पुसला. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाले, "जरा बारीकच आहे. हिच्या आईकडचे कुठले?" आवाज अगदी तोच होता.

हरण्या खाली उतरला आणि मुलीच्या पायाला टेकून खिडकीकडे बघत उभा राहिला.

पाहुणे गेल्यावर मी उशीचा अभ्रा काढून धुवायला टाकला.

"हरण्यानं घाण केली का?" बायकोने विचारलं.

"त्यानं नाही," मुलगी म्हणाली.