दम्याचा फवारा आणि रावेतला येऊन गेलेली बाई

दम्याचं औषध आत ओढायचं असतं. मी सोनाबाईला ते बाहेर फुंकायला शिकवलं.

एवढं कबूल केलं की पुढचं सांगायला मी मोकळा. इथे भुताखेतांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपैकी कुणाला पिंपळाखाली कोणी उभं दिसतं, कुणाला विहिरीतून हाका येतात... मला आयुष्यात कधी काही दिसलं नाही. दवाखान्यात चाळीस वर्षं काढली. गेलेलं एकही माणूस तक्रार घेऊन परत आलं नाही — आणि मी दिलेली इंजेक्शनं आठवली तर तक्रारीला जागा भरपूर होती. तेव्हा माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फक्त हे एक प्रकरण तेवढं कुठे बसवावं कळत नाही.

साल सत्तावन्न. पिंपरीत औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता, पण रावेत, हिंजवडी म्हणजे नुसती शेतं आणि बैलगाडीची वाट. चिंचवडच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. वय बावीस, सायकल नवी, अक्कल बेताची. आमच्या वरती रूथ सिस्टर. नगरकडच्या, कडक इस्त्रीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं, असं वाटायचं.

दर बुधवारी मी सायकलवर गावोगाव जाऊन पेशंटांना औषधं पोचवायचो आणि ती कशी घ्यायची ते सांगायचो. सिस्टरांचा नियम होता — सांगून झालं की पेशंटला आपल्यासमोर करायला लावायचं, मग घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजायचे आणि कार्डावर लिहायचे. कार्ड पेशंटच्याच घरी खिळ्याला अडकवलेलं असे. यातलं सांगायचं काम मला फार आवडायचं. बाकीचं मी ‘पुढच्या बुधवारी’वर ढकलायचो.

सोनाबाई रावेतची, पस्तिशीची. नवरा दगडू. ज्वारीची मळणी सुरू झाली की भुसा उडायचा आणि हिचा दमा उसळायचा. आदल्या महिन्यात एक झटका रात्रभर आणि वर अर्धा दिवस चालला होता. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी दगडूला स्वच्छ सांगितलं होतं, असा आणखी एक आला तर बैलगाडीनं पुण्यापर्यंत ही पोचेल याची खात्री नाही. म्हणून त्यांनी मुंबईहून काचेचा फवारा मागवला. मागे रबरी फुगा, पुढे बारीक नळी, पोटात औषधाचे थेंब. फुगा दाबला की औषधाची वाफ होऊन बाहेर यायची. आमच्याकडे तसा तो एकच होता, आणि औषधाची बाटली आठ दिवसांची.

त्या बुधवारी मी सोनाबाईच्या ओसरीवर बसलो आणि वाटेत सुचलेलं उदाहरण ऐटीत काढलं. म्हटलं, “वहिनी, चुलीपाशी फुंकणी कशी धरता? अगदी तश्शीच ही नळी तोंडाशी धरायची आणि फुगा दाबायचा.” तिनं मान डोलावली. मी स्वतःच्या उदाहरणावर इतका खूश होतो की करून दाखव म्हणायचंच राहिलं. श्वास मोजायचेही राहिले. कार्डावरचा रकाना कोरा ठेवून मी शीळ घालत सायकलवर बसलो.

बाराच्या सुमारास दवाखान्यात पोचलो आणि सिस्टरांना माझं उदाहरण रंगवून सांगितलं. शाबासकीची वाट बघत होतो.

त्या बँडेज गुंडाळत होत्या. थांबल्या. “फुंकणीतून बाई हवा ओढते का सोडते?”

“सोडते.”

“मग?”

मी मूठ नळीसारखी तोंडाशी नेली आणि उमगलं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “ती औषध चुलीत घातल्यासारखं हवेत घालवील. बाटली संपेल, धाप तशीच राहील. भिंतीवरच्या घड्याळात बारा दहा झालेत. निघ.”

सायकल मी कशी हाणली ते मला माहीत नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र — ती बाई, काळेनिळे ओठ, आणि तोंडात माझी फुंकणी...

रावेतला पोचलो तर सोनाबाई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसलेली.

तिनं तांब्या पुढे केला. “बसा. पानी प्या. तुमालाच धाप लागलीया.”

मग तिनं सांगितलं. मी गेल्यावर वाऱ्यानं भुसा आला आणि तासाभरात छाती आवळली. तिनं मी सांगितल्याप्रमाणे नळी धरून फुंकायला सुरुवात केली. औषध समोरच्या भिंतीवर जात होतं. घरात दुसरं कोणी नाही, हाक मारायला दम नाही. आणि तेवढ्यात दाराबाहेरून, माणूस दिसायच्या आधी, आवाज आला — फुंकू नगंस, आत वढ.

त्या आवाजामागोमाग एक बाई आत आली. पांढरं लुगडं, छातीशी टाचलेलं छोटं घड्याळ. तिनं सोनाबाईला पुढे वाकवून बसवलं, पाठीवर हात ठेवला.

“म्हनली, बशीतला च्या कसा पितीस? सुर्रकन. तसा वढायचा, आन् मनात पाच मोजंस्तवर आत धरायचा,” सोनाबाई म्हणाली. “तीनदा करून दावलं तवा सोडलं मला. आन् काळीज धडधडाया लागलं तर थांबायचं, लई दाबायचं न्हाई, ह्ये बी सांगितलं. तुमी न्हाई सांगितलं ते.”

नव्हतं सांगितलं, खरं होतं.

मग त्या बाईनं घड्याळाकडे बघत श्वास मोजले, गळ्याखालची खळगी आत ओढली जाते का ते पाहिलं, एक लांब वाक्य एका दमात बोलायला लावलं, आणि निघून गेली. पाय उलटे होते का, असं मी विचारलं. सोनाबाई म्हणाली, सरळ होते आणि स्वच्छ होते. मळणीच्या दिवसांत रावेतमध्ये स्वच्छ पाय!

मी खिळ्यावरचं कार्ड काढलं. माझ्या कोऱ्या रकान्यात निळ्या पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. ११.४० — श्वास ३८. १२.०५ — श्वास २४, पूर्ण वाक्य बोलते. अक्षर टपोरं, घाई नसलेलं. बारा वाजून पाच मिनिटांनी मी चिंचवडात माझी फुंकणी मिरवत उभा होतो. चूक झाली आहे हे तोवर मला स्वतःलाच कळलेलं नव्हतं.

घराला वाट एकच. वाटेच्या तोंडाशी खळ्यावर दगडू आणि त्याचे भाऊ सकाळपासून होते. त्यांनी मला जाताना पाहिलं, परत येताना पाहिलं. बाई दिसली का विचारलं, तर म्हणाले, न्हाई बा. घराच्या मागे पवना नदी, आणि होडी दुरुस्तीसाठी पलीकडच्या काठावर काढलेली.

कार्ड मी सिस्टरांना दाखवलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. आसपासच्या सगळ्या नर्सेस त्यांना माहीत होत्या, होत्याच किती! पुण्यातही विचारून झालं. ते अक्षर कुणाचंच नव्हतं. “काम चोख आहे,” एवढंच म्हणाल्या आणि सोनाबाईसाठी नवं कार्ड लिहून ते जुनं आपल्या कपाटात ठेवून दिलं.

मी बरेच तर्क लढवले. कुणाची पाहुणी असेल, रस्ता चुकली असेल... पण रस्ता चुकलेली बाई घड्याळ टाचून, पेन्सिल घेऊन येते? आणि न बघता, दाराबाहेरूनच, आत काय चुकतंय ते ओळखते? एवढं मात्र झालं की पुढे मोशीपासून चाकणपर्यंत ज्याला ज्याला फवारा दिला त्याला मी बशीच सांगितली, समोर करून घेतलं, आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजले. सोनाबाईला पुण्याला न्यावं लागलं नाही. पुढची कितीतरी वर्षं ती मळणीला नुसती उभी नाही, राबत होती.

तर, ती बाई येऊन गेल्याच्या पुढच्या बुधवारी मी प्रायश्चित्त म्हणून घरून कपबशी फडक्यात गुंडाळून, सायकलला बांधून रावेतला नेली. ओसरीवर मांडली. म्हटलं, वहिनी, आज सगळं पहिल्यापासून नीट शिकवतो.

सोनाबाईनं बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“तुमी काय बी शिकवू नगा, भाऊ. औषध ठिवा आन् जावा.”