तेवीस नाटकं आणि एक खुर्ची

अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत शेषराव कारकून होते. दिवसभर खुर्चीवर बसायचे. पण कचेरीच्या नाटकमंडळीत तेवीस नाटकं केली, त्यांतल्या एकाही नाटकात त्यांना बसायला मिळालं नाही. पौराणिक असलं की राक्षस, सामाजिक असलं की गडी. एका रहस्यनाटकात आफ्रिकेचा हबशी झाले, तेव्हा दिग्दर्शक वामनरावांनी, म्हणजे कचेरीच्या हेडक्लार्कनी, त्यांना काजळी फासायला लावली. शेषराव मुळातच काळेसावळे. त्यांनी विचारलं, "मले कायले पायजे?" वामनराव समजुतीनं म्हणाले, "लोकांना लांबून कळलं पाहिजे हो."

वामनराव गोरे, म्हणून कायमचे नायक. शेषरावांनी तोंड उघडलं की वऱ्हाडी येते आणि लोक हसतात, असं वामनरावांचं मत होतं. म्हणून गड्याच्या वाट्याला 'जी मालक' एवढंच.

चौसष्ट साली शेषराव बायकोला, सुंदराबाईला, घेऊन टॉकीजमध्ये गेले. पडद्यावर जंगली माणसं हुंबाहुंबा करत नाचत होती. शेषराव पुढं वाकले. "त्याचं कोपर पाहा. काजई तिथंच सरली. आत गोरा माणूस हाये."

घरी येईपर्यंत त्यांनी ठरवलं होतं. आपला पिक्चर काढायचा. त्यात शेषराव साहेब, खुर्चीवर बसलेले, आणि गोरी मंडळी काजळी लावून गडी.

अमरावतीच्या गोवर्धन फोटोवाल्याकडे चावी देऊन चालणारा सिनेमाचा छोटा कॅमेरा होता. रोल एकच, चार मिनिटांचा, तोही मुका. गड्याचं काम करायला कोणी तयार होईना. मग गोवर्धननं वामनरावांना सांगितलं की गडी प्रत्येक दृश्यात आहे. वामनराव घरच्या चिनी मातीच्या कपबशा घेऊन हजर झाले.

शेषरावांच्या अंगणात सुंदराबाईनं तव्याची काजळी तेलात कालवून वामनरावांच्या तोंडाला लावली. त्यांनी घाबरून विचारलं, "निघेल ना हे?"

"यायच्या कानामांगून आठ-आठ दिवस निंगत नसे," सुंदराबाई नवऱ्याकडे बोट करत म्हणाली. "घासतो ना मी."

कॅमेरा सुरू झाला. शेषराव पाय पसरून खुर्चीवर बसले. वामनराव ट्रे घेऊन आले. ट्रे डुगडुगला, आणि साहेब ताडकन उठून तो धरायला धावले.

गोवर्धननं कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदाही तेच झालं. ट्रे वाकडा झाला की शेषरावांचे हात आपोआप पुढं जात. तेवीस नाटकांत त्यांनी एक कप पडू दिला नव्हता. तिसऱ्या खेपेला सुंदराबाईनं त्यांना लुगड्याच्या चिंधीनं खुर्चीला बांधलं. शेषराव खुर्चीसकट उठले. गड्याच्या मदतीला धावणारा, पाठीवर खुर्ची घेतलेला साहेब रोलावर आला.

"आता अर्धं मिनिट उरलं," गोवर्धन म्हणाला.

सुंदराबाईनं चिंधी सोडली. "कावून उठता?"

"त्यायले ट्रे धरता येत नाई. कपबशा फुटतीन."

"त्यायच्या घरच्या हायेत ना? मंग फुटू द्या."

शेषराव पुन्हा बसले. वामनराव आले, उंबऱ्याला अडखळले, ट्रे कलला. एक कप घसरला, मग दुसरा. शेषरावांनी खुर्चीचे हात असे आवळले की बोटांच्या शिरा वर आल्या. सगळ्या कपबशा अंगणात फुटल्या. साहेब बसूनच होते.

रोल मुंबईहून धुऊन आल्यावर कचेरीत चादर लावून पिक्चर दाखवला. काजळलेले वामनराव अडखळले तशी मंडळी लोटपोट हसली. खुर्ची पाठीवर घेतलेल्या साहेबाला तर टाळ्या पडल्या. शेवटच्या दृश्याला सुंदराबाईनं वामनरावांकडे पाहिलंच नाही. नवऱ्याची बोटं पाहत ती हळूच म्हणाली, "बसले बाई."

दिवाळीच्या नाटकातल्या कामांची वाटणी सुरू झाली. वामनरावांनी सवयीनं वही पुढं केली. शेषराव म्हणाले, "वामनरावजी, खुर्ची असन त सांगा."

वामनराव वही चाळत राहिले. यंदाच्या नाटकात खुर्चीवर बसणाऱ्या वकिलाचं एक काम होतं. ते त्यांनी शेषरावांच्या नावावर मांडलं. गड्याच्या कामापाशी त्यांची पेन्सिल बराच वेळ थांबली. कानामागची काजळी केव्हाच गेली होती, तरी तिथं त्यांनी खाजवलं.

"शेषराव," ते आवाज उतरवून म्हणाले, "तो ट्रे नेमका धरतात कसा हो?"

शेषरावांचे हात पुढं आले, मग परत मांडीवर गेले.

"आंगठे वर ठेवा," त्यांनी बसल्या बसल्याच सांगितलं.