अर्धा काळा गोल, अर्धा काळा चौकोन

माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर ओळीवर राहत नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ही वही मुलीच्या प्रॅक्टिकलची, मागची पानं कोरी राहिली होती. कोणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्या. खरं तर वाचूच नये.

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला लहानपणापासून सिकलसेल आहे. थंडी पडली की गुडघे, कंबर असे दुखतात की पोर चादर दातात धरते. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर एक चित्र आहे. चांगली रक्तपेशी गोल, आणि हिच्यासारखी विळ्यागत वाकडी. ते चित्र पाहत मी कितीतरी सकाळी बसले असेन.

सासूबाईंचं एकच म्हणणं. "आमच्या घरात कोणाले नाही हे. तुह्या माहेरचं रक्त हाय." मालक जामुलला सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे आहेत. ते ऐकतात आणि जेवतात. मीही ते खरंच मानलं होतं. माझा आजा अंगात रक्त नाही म्हणूनच गेला होता.

यंदा तिला जेनेटिक्सचा पेपर आला. आईबापाचं काय काय लेकरात उतरतं, त्याचा अभ्यास. पुस्तक घ्यायला ती स्वतःच जाणार होती, पण त्याच दिवशी दुखणं उठलं. म्हणाली, "आई, तू जा. चांगलं पाहून आण. अन् इंग्रजीतलं आण बरं, मले पुढे एम.एस्सी. करायची आहे."

मी ते नीट ऐकलं होतं. हे इथे लिहून ठेवते.

पावर हाउस बाजारातल्या पुस्तकाच्या दुकानात दुकानदार भाऊंनी तीन पुस्तकं समोर टाकली. एक पातळ, प्रश्न-उत्तराचं. "दीदी, कुंजी ले जाओ, पास हो जाएगी। मोटी किताब तो तकिया बनती है।" मला लाज वाटत होती, तरी मी काउंटरच्या कडेला उभी राहून तिन्हींत तो विळा शोधत गेले. कुंजीत चित्रच नव्हतं. इंग्रजीत रंगीत फोटो होता, पण खालचं मला काय कळणार? हिंदी पुस्तकात विळा होता आणि त्याच्या खाली गोल आणि चौकोन काढले होते. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, अर्धा काळा म्हणजे रक्तात आहे पण दुखणं नाही, असं लिहिलं होतं. गोल अर्धा काळा. शेजारचा चौकोनही तेवढाच अर्धा काळा. दोघांच्या खाली एक पूर्ण काळा गोल.

ती माझी मुलगी होती.

मी खालच्या ओळी बोट ठेवून वाचल्या. बीमारी तभी, जब माता और पिता दोनों से मिले. पुन्हा वाचल्या. भाऊ म्हणाले, "दीदी, लेना है कि यहीं पढ़ना है?" मी विचारलं, पेपर हिंदीत लिहिता येतो का? "आता है।" तेवढंच मला पाहिजे होतं. हिंदी घेतलं.

मुलीनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. "आई, हे कोणासाठी आणलं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालत बसले.

दुकानदारानं परत घेतलं नाही. इंग्रजीचे सातशे रुपये सासूबाईंनी दिले, सासऱ्यांच्या पेन्शनमधून ठेवलेले. देताना म्हणाल्या, "रक्ताचं पुस्तक म्हणे. रक्त बिघडवणारीच पुस्तक घेऊन राहिली." ते पान माझ्या डोळ्यासमोर होतं. पण त्यांचेच पैसे मुठीत धरून त्यांनाच शिकवायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही. ठरवलं, आधी पैसे फेडीन.

मी सेक्टरमध्ये, कॉलनीतल्या दोन घरी पोळ्या करते. महिन्याला शंभर देत गेले. मुलगी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसायची. हिंदीत समजून घ्यायची, इंग्रजीत लिहायची. माझ्यावरचा राग गेला की नाही, मी विचारलं नाही. पेपर तिला जमला, निकालही बरा लागला. दुखणं आहे तसंच आहे.

सातव्या महिन्यात मी शेवटची नोट आणि ते पुस्तक घेऊन सासूबाईंजवळ बसले. म्हटलं, "मामीजी, एक वाचून दाखवू?" पान उघडलं. गोल दाखवला, चौकोन दाखवला. "हा चौकोन म्हणजे तुमचा मुलगा. हे दोघांकडून येते. अन् त्याच्याजवळ ते त्याच्या आईकडून नाहीतर बापाकडून आलं."

त्या भांडतील असं मला वाटलं होतं. त्या पानाकडेच पाहत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही.

"माही एक पोरगी होती, याच्या आधीची," त्या म्हणाल्या. "हाडं दुखतात म्हणून लय रडे. सासू म्हणे, नजर लागली. चार वर्षांची होऊन गेली."

इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. जिंकल्यासारखं काही वाटेल म्हणून मी सात महिने थांबले होते. तसं काही वाटलं नाही. पुस्तक मिटावं की उघडं ठेवावं, तेही कळेना.

त्यांनी हात पुढे केला. मी नोट दिली. त्यांनी ती उजेडात धरली, आधीच्या सहा नोटा बटव्यातून काढल्या, सातही मांडीवर मोजल्या.

"सगळे आले," म्हणाल्या.