पाहुणीचा चहा

सदर व्यक्ती: प्रशिक्षणार्थी, तात्पुरती, उन्हाळ्यापुरती. वय वीस. उंची बेताची, संगणकाच्या पडद्यामागे बसली असता खुर्ची रिकामी असल्याचा भास होतो. शिक्षण चालू. ओळखीची खूण: प्रश्न विचारण्याआधी माफी मागते. अधिकार: एक कार्ड, जे मुख्य दाराखेरीज कुठलंही दार उघडत नाही. कर्तव्ये: नेमून देण्यात येतील ती. नेमून देणारा: जो मोकळा असेल तो. सदर व्यक्तीच्या कामामुळे आस्थापनेस होणाऱ्या लाभहानीची जबाबदारी सदर व्यक्तीवर राहणार नाही.

हे शेवटचं कलम रुजू होताना वाचून तिला हायसं वाटलं होतं. त्याच कलमाने पुढे तिची झोप उडवली.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि खाली फरश्यांचं दुकान होतं. दिवसातून दोन-तीनदा खाली ट्रक रिकामा व्हायचा आणि वरच्या टेबलांवरच्या पेन्सिली हळूच घरंगळायच्या. कुणी मान वर करून बघायचं नाही. घरंगळणारी पेन्सिल ज्याच्याकडे येईल तो ती अडवायचा. पाळीव जनावरांच्या दवाखान्यांना लागणारा कारभार ही मंडळी प्रोग्राममध्ये बसवून देत: कुठल्या कुत्र्याला कुठली लस कधी, कुणाच्या मांजराचं पोट कधी बिघडलं होतं, आणि तारीख उलटली की मालकाला निरोप.

मंडळी चार. ताई सगळ्यांची प्रमुख. तिच्याहून थोरलेही तिला ताईच म्हणत. काका पस्तिशीचेही नव्हते, पण टक्कल आणि न मागता सल्ला देण्याची हौस या दोन गुणांवर त्यांना ती पदवी वेळेआधी मिळाली होती. तिसरी शंका. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं ही तिची नोकरी, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "एक शंका आहे" अशी. चौथा मुनी. तो कानांवर हेडफोन चढवून बसे आणि दिवसाला साधारण दोन शब्द खर्च करी, तेही बहुधा "नाही" आणि "बघतो".

पहिल्याच दिवशी काकांनी तिच्यासाठी नीट चाकांची खुर्ची शोधून आणली, म्हणजे मुनीच्या बुडाखालून काढून घेतली.

"पाहुणी आहे ती," काका म्हणाले. "ऊठ."

मुनी उठला. नाव तेव्हापासून चिकटलं.

पाहुणीचे लाड यथासांग झाले. तिने काही विचारलं की चौघं हातातलं काम टाकून सांगत, आणि चौघांची उत्तरं वेगळी असत. ती "अहो काका" म्हणाली तेव्हा काका कळवळले, "बाई, काका म्हण, अरे म्हण, काहीही म्हण. अहो म्हणू नकोस. आधीच डोक्यावर काही उरलेलं नाही." तिच्या तोंडून अहो काही सुटेना. जेवणानंतर सगळे इमारतीला एक फेरी मारत, आणि त्या फेरीत शंका आणि काका रोज कशावरून तरी भांडत: गोगलगाईला पाठ असते का, जिना चढताना वजन वाढतं का. पाहुणीला न्यायाधीश नेमलेलं होतं. ती कधीच निकाल देत नसे आणि दोघंही स्वतःला विजयी समजत. सकाळी ऑफिसच्या जिन्यावर आपण दोन-दोन पायऱ्या चढतो आहोत हे एक दिवस तिच्या लक्षात आलं. कॉलेजचा जिना ती असा कधी चढली नव्हती.

या ऑफिसात एक रीत होती. ज्याच्या हातून चालू काम मोडेल, त्याने दुपारी चारचा चहा करायचा. माफी मागायची नाही. मागितली तर कुणी ऐकत नसे. "ते राहू दे, आधण ठेव," एवढंच. चहा कसाही झाला तरी सगळ्यांनी प्यायचा, आणि कप खाली ठेवला की विषय संपला. बाकीच्या दिवशी चहा खालच्या टपरीवरून येई. एकदा पाहुणीने उगाचच चहा करायला पातेलं उचललं तेव्हा शंकेने ते तिच्या हातून काढून घेतलं. "बस गं. तू पाहुणी ना?"

घरी बाबांना हे सगळं संशयास्पद वाटत होतं. बाबा लेथवर काम करत. त्यांची उमेदवारी एका तापट मिस्त्रीकडे झाली होती आणि त्या मिस्त्रीच्या शिव्या त्यांना अजून क्रमवार पाठ होत्या.

"आज काय बोलले तुला?" ते रोज विचारत.

"छान म्हणाले."

"रोजच छान?"

"हो."

"मग शिकवत नाहीत," बाबा म्हणत आणि पुढचा घास घेत.

"कंपनी तरी विकत घेतलीस का?" दादा विचारी. त्याला दुसरा प्रश्न येत नसे.

सुट्टी अर्ध्यावर आली तेव्हा तिला एक खरं काम मिळालं: तारीख उलटलेल्या जनावरांच्या मालकांना जाणारे निरोप जरा नीटनेटके करायचे. ती तो जुना प्रोग्राम वाचत बसली. मध्येच एक ओळ होती. क्रमांक नऊ हजारांच्या पुढचा असेल तर त्या जनावराला वगळा, असा तिचा अर्थ. का वगळा, ते लिहिलेलं नव्हतं. कुठल्याच दवाखान्यात नऊ हजार जनावरं नव्हती. कुणाला विचारावं म्हणून तिने मान वर केली. पण सकाळपासून तिने काकांना तीन प्रश्न विचारले होते आणि काकांनी तिन्ही वेळा स्वतःचं काम बाजूला ठेवून हसत उत्तर दिलं होतं. चौथ्यांदा नको, असं तिला वाटलं. तिने ओळ खोडली. काकांनी काम तपासलं, म्हणजे वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, "वा!" म्हणाले आणि ते पुढे सोडलं.

आता त्या नऊ हजारांबद्दल. निरोप नीट जातात की नाही हे बघायला खोटी जनावरं लागतात आणि खरे फोन नंबर लागतात. शंकेने फार पूर्वी सगळ्यांकडे घरचे नंबर मागितले होते, आणि ज्याने त्याने नंबराबरोबर जनावरही सुचवलं होतं. काकांचे घरमालक कासव होते, कारण गळका नळ दुरुस्त करायला ते वर्षभर निघालेले होते. मुनीचा भाऊ घोडा होता. कारण मुनीने सांगितलं नव्हतं. आणि ताईच्या सासूबाई: नाव महाराणी, जात मांजर, स्वभाव चावरा. या साऱ्या गोतावळ्याला नऊ हजारांच्या पुढचे क्रमांक दिलेले होते, आणि चाचणीखेरीज एरवी त्यांना निरोप जाऊ नये म्हणून ती एक ओळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोतावळ्याला निरोप गेले.

ताईचा फोन वाजला. तिने ऐकलं, हळूहळू उभी राहिली, आणि "हो आई... नाही आई... बघते आई," म्हणून खाली बसली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"सासूबाईंना निरोप आलाय," ताई सपाट आवाजात म्हणाली. "महाराणीला जंताचं औषध द्यायची तारीख उलटून गेली आहे. स्वभाव चावरा असल्याने येताना तोंडाला जाळी बांधून आणावी."

खालून फरश्या उतरवल्याचा आवाज तेवढा आला.

"मग त्या काय म्हणाल्या?" शंकेने विचारलं.

"म्हणाल्या, कुणाची तरी मांजर आजारी आहे गं, बिचाऱ्यांना कळव."

मुनीने हेडफोन काढले. हसताना तो आवाज करतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मग काकांच्या घरमालकांचा फोन आला. आपल्याकडे कासव असल्याची बातमी कोणी पसरवली, हे त्यांना कळायला हवं होतं. नळाचा विषय त्यांनी काढला नाही.

पाहुणी हसली नाही. ओळ कोणती, हे तिला पहिल्या वाक्यातच कळलं होतं. मुनीने ओळ जागेवर ठेवली. दवाखान्यांपर्यंत काही पोचलं नव्हतं. चार वाजायची वाट बघत ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. चहाची पूड कुठे असते ते तिने दोनदा जाऊन बघून ठेवलं.

चारला ती उठणार, तेवढ्यात काका उठले. "मी तपासलं, मी सोडलं. चहा माझा."

"पण काका, ती ओळ..."

"तू बस. असू दे."

"असू दे गं," शंका म्हणाली. ताई तिच्याकडे बघून हसली, मुनी "चालतं" म्हणाला, आणि काकांचा चहा फक्कड झाला. ओरडा बसला नाही म्हणून आधी बरं वाटलं होतं. कप अर्धा होईतो ते बरं वाटणं संपलं. जबाबदारी सदर व्यक्तीवर राहणार नाही, असं कागदावर होतं. तसंच झालं होतं. तिच्या हातून मोडलेलं सुद्धा तिचं नव्हतं.

घरी तिने सगळं सांगितलं. दादा महाराणीवर इतका हसला की त्याला ठसका लागला. बाबांनी विचारलं, "मग? बोलले का?"

"नाही. असू दे म्हणाले."

बाबांनी नुसता पुढचा घास घेतला, ते जास्त लागलं. बोलली ती आई. शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता बोलली.

"पाहुणीच्या हातून कप फुटला तर मी असू दे म्हणते. तुझ्या हातून फुटला तर म्हणते का?"

दुसऱ्या दिवशी काहीच मोडलं नव्हतं. तरी चारला पाहुणी उठली आणि तिने पातेल्यात पाणी ठेवलं.

"अगं, आज कशाला?" शंका आलीच.

"कालचा माझा राहिलाय."

"कालचा मिटला," काका म्हणाले. "मी केला ना?"

"तो तुमचा होता." तिचे कान लाल झाले होते. "नीट वाचलं नाहीस ही तुझी चूक. ओळ मी खोडली, ती माझी. दोन चुका, दोन चहा."

आपण तू म्हणालो हे तिच्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं. ते खुर्चीत मागे टेकले.

ताई उठून पातेल्यापाशी आली. हसत नव्हती. "बरं. मग सांग, ओळ का खोडलीस?"

"निरुपयोगी वाटली."

"वाटली? आम्हा चौघांत कुणालाही विचारलं असतंस तर कळलं असतं. ते निरोप दवाखान्यांच्या खऱ्या गिऱ्हाइकांना गेले असते तर? चालू कामातली ओळ वाटलं म्हणून खोडतात? विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे इतकं चांगलं वागता," ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "की सारखं विचारायची लाज वाटते."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एक शंका आहे," शंका म्हणाली. "म्हणजे हे आपल्यामुळे झालं?"

"तिचंच चुकलं," ताई म्हणाली. "पण आपण तिला बिघडवलं. आणि तू, पुन्हा न विचारता काही खोडलंस तर तुझी खैर नाही. कळलं?"

"कळलं," पाहुणी म्हणाली. इतक्या आनंदाने कुणी बोलणी खाल्लेली ताईने पाहिली नव्हती.

"साखर घाल," मुनी म्हणाला. दिवसाचे दोन्ही शब्द त्याने तिच्यावर खर्च केले.

चहा सगळ्यांनी प्यायला. रीतच तशी होती. काकांनी पहिला घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं. मग शंकेने पाहुणीकडून घरचा नंबर मागून घेतला आणि तिच्या दादाला गोतावळ्यात घातलं. जात पोपट, कारण दुसरा प्रश्न येत नाही.

त्या रात्री बाबांनी विचारलं, "काय बोलले?"

"खैर नाही म्हणाले."

"हां," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिला आपल्या ताटातलं वाढलं.

सुट्टी संपताना तिला प्रमाणपत्र मिळालं. त्यात असं होतं: सदर प्रशिक्षणार्थीने नेमून दिलेली कामे समाधानकारकरीत्या पार पाडली असून, सदर कालावधीत तिच्याकडून कोणताही दोष घडल्याची नोंद नाही.

सदर कालावधीत तिने तीनदा चहा केला. तिन्ही वेळा पांचट झाला.