जयवंताबाईंची परात

मी सहजासहजी भारावणारा माणूस नाही. समुद्रपूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी काढली. त्या खिडकीतून माणसांचे इतके नमुने पाहिले की कोणी कोणाची सेवा करतोय म्हटलं की पहिली शंका येते, यात याचा फायदा काय? बायको म्हणते, तुमची जीभ कारल्याची आहे. असेल बुवा. पण जयवंताबाईंचं नाव निघालं की ही जीभ मुकाट होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जाम गावच्या चौफुलीवर, पुलाखाली. कोणाशी बोलत नसत, जवळ गेलं की दगड उचलत. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या आणि त्यातून पू वाहायचा. ढाबेवाले लांबूनच पोळी ठेवून जात. मग सिस्टर एल्सी तिथे येऊ लागल्या. आमच्याकडे शेतांच्या मधे त्यांचं ‘आसरा सदन’ आहे, बेघर माणसांसाठी. सिस्टर यायच्या, हातभर अंतरावर बसून चहा प्यायच्या आणि निघून जायच्या. असं महिनाभर चाललं. एक दिवस जयवंताबाई स्वतःच उठून त्यांच्या गाडीत जाऊन बसल्या.

सदनाची एक रीत आहे. नवीन आलेल्या माणसाला नाव-गाव काही विचारायचं नाही. आधी पायरीवर बसवायचं आणि परातीत त्याचे पाय धुवायचे. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून. गावात अर्थातच कुजबुज होती की हे लोकांना बाटवतात. मलाही संशय होताच. एकदा मुद्दाम बघायला गेलो, चांगला जाब विचारायच्या तयारीने. सिस्टर एका दारुड्याचे पाय धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “साहेब, उभे काऊन? ते गरम पानी आना न इकडं.” बाई मूळची केरळची, पण वऱ्हाडी माझ्या पुण्याच्या सुनेपेक्षा चांगली बोलते. मी किटली घेऊन आलो. तेव्हापासून जातो तेव्हा किटली माझ्याकडेच असते, आणि बसस्थानकावर कोणी निराधार दिसलं की त्याला स्कूटरवर बसवून सदनात नेणं हेही माझ्याकडेच आलं.

जयवंताबाईंच्या डोक्याची औषधं सुरू झाली. जखमा भरल्या, हळूहळू शब्द आले. मग एके दिवशी त्यांनी सिस्टरच्या हातातली परात ओढून घेतली, ती कायमचीच. कडुनिंबाचा पाला उकळायचा, मीठ टाकायचं, आणि जमिनीवर मांडी घालून बसायचं. मी माणसं आणली ती सगळी काही गरीब गायी नव्हती. प्रेमदास नावाचा एक जण तर येईल त्याला लाथा घालायचा, आणि पायाच्या जखमेत किडे. मी किटली धरून तोंड फिरवलं. या बाई मात्र लेकराशी बोलावं तशा, “थकला असशीन बाप्पा, लय चालला तू,” असं म्हणत एकेक किडा काढत होत्या. तो माणूस ढसाढसा रडला. आज तो सदनाच्या कोंबड्या सांभाळतो. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि मला काटे फारसे येत नाहीत.

स्वतःच्या खोलीची किल्ली त्या गळ्यात दोऱ्यात घालतात. कपाळाला टिकली, दाराशी तुळस, एकादशीचा उपास, आणि रविवारी प्रार्थनेला सगळ्यांच्या मागे हात जोडून. त्यांना कोणी काही बोलत नाही, मीही बोलणं सोडलं.

जयवंताबाई आर्वीकडच्या रोहणा गावच्या. दुसरं लेकरू जन्मतःच गेलं आणि यांचं डोकं फिरलं. सहा वर्षांच्या मुलीला, काजलला, घरी सोडून एक दिवस निघून गेल्या त्या गेल्याच. पुढे नवराही वारला. मुलीला मामाने वाढवलं. बऱ्या झाल्यावर यांनी गावाचं नाव सांगितलं, सिस्टरनी निरोप धाडला, आणि भाऊ नानाजी येऊन बहिणीच्या गळ्यात पडून रडला. मुलगी मात्र आली नाही. ‘तिनं मले सोडलं, आता मायं तोंड तिले दिसाचं नाई,’ असं म्हणाली. आपला फोटोसुद्धा आईला दाखवायचा नाही अशी शपथ तिने मामाला घातली.

तिचं लग्न ठरलं. नानाजीने फोन करून तारीख कळवली, पण बोलावणं नव्हतं. आमच्याकडे लग्नात आईबाप मुलीचे पाय धुतात, आणि जे धुणार ते तोवर अन्नाला शिवत नाहीत. लग्नाच्या दिवशी जयवंताबाईंनी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाल्लं, पण सकाळचं जेवण सुटलं ते सुटलंच. सिस्टर रागावल्या, गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत म्हणाल्या. तर बाई कपभर दूध घ्यायच्या आणि म्हणायच्या, “पाय धुवाचे राह्यले न सिस्टर.”

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. निवृत्त झालो तरी मी सवयीने सकाळी बसस्थानकावर जाऊन बसतो. आर्वीकडून आलेल्या बसमधून उतरून एक तरुण मुलगी माझ्याकडे आली. एकटीच, हातात पिशवी, चेहरा ओढलेला.

“काका, आसरा सदन कुठं हाये?”

“कोणाकडे जायचंय बाळ?”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, “मी काजल. जयवंताबाईची पोरगी. मले तिले एकडाव फक्त पाहाचं हाये. पाहीन अन् चालली जाईन. तुम्ही तिले सांगू नका, काका.”

मी शब्द दिला. शब्द दिल्यावर जीभ चावायची वेळ आली, पण दिला तो दिला.

तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि फाटकात उतरवलं. जयवंताबाई अंगणातच होत्या. मी, माझी स्कूटर, मागे थकलेली अनोळखी बाई. त्यांनी नेहमीचाच अर्थ लावला.

“ये वं माय, बस इथं.”

काजल जागच्या जागी थिजली. बाईंनी तिला हाताला धरून पायरीवर बसवलं. मला म्हणाल्या, “भाऊ, पानी.” मी किटली आणली. काजलचे पाय परातीत होते आणि तिची आई त्यावर पाणी ओतत होती. मुलगी आईच्या पांढऱ्या भांगाकडे एकटक पाहत होती.

“जोडवी नवीन दिसते,” बाई आपल्या नादात बोलल्या. “घरच्यायनं हाकललं काय?”

“नाई.”

“लगनात पाय कोणं धुतले वं तुये? मायनं?”

“मामानं.”

“अन् माय?”

“मी लहान होती तवा ते सोडून गेलती.”

बाईंचे हात पाण्यात थांबले. खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, “कोन्या गावची तू?”

“रोहण्याची.”

सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं बाई आता किंचाळतील, मिठी मारतील, भोवळ येऊन पडतील. तसं काहीच झालं नाही. त्यांनी काजलचे पाय हळूच बाहेर काढले, परात उचलली आणि मागे निघून गेल्या. काजलने माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल पायाजवळ ओढली. फाटक उघडंच होतं.

मागून परात घासण्याचा आवाज आला.

बाई परतल्या तेव्हा परात राखेने लख्ख घासलेली होती. आत स्वच्छ पाणी, त्यात हळद. तुळशीपुढची कुंकवाची डबी दुसऱ्या हातात. पुन्हा जमिनीवर बसल्या.

“ते पानी रस्त्यानं आलेल्याचं होतं,” त्या म्हणाल्या. “हे लेकीचं हाये. मले हक्क नाई, माहीत हाये मले. तू म्हनशीन त जाय. पन... धू काय?”

अंगणात कोणी हललं नाही. कोंबड्यांना दाणे टाकणारा प्रेमदास मूठ तशीच धरून उभा. देवळात, चर्चमध्ये मी पुष्कळदा हात जोडले असतील, पण मनातून जोडले ते त्या परातीपुढे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

काजलने चप्पल सोडली आणि एक पाय पाण्यात ठेवला. मग दुसरा.

बाईंनी पाय धुतले, पदराने पुसले, अंगठ्यांना कुंकू लावलं आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. सगळं रीतसर, काही विसरल्या नाहीत. मी रिकामी किटली छातीशी धरून उभा होतो आणि नाक ओढत होतो.

काजलला रीत ठाऊक होतीच. डोळे पुसून तिने विचारलं, “तू उपाशी हायेस काय?”

उत्तर सिस्टरनी दिलं, “तुया लगनापासून सकाळी जेवत नाई ते.”

काजल उठली. ओल्या पायांनीच स्वयंपाकघरात गेली, ताट वाढून घेतलं, परत येऊन आईसमोर बसली आणि भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून तिच्या तोंडाशी नेला.

“झाले न पाय धुऊन,” ती म्हणाली. “जेव आता, माय.”