खालच्या सुरांची मैफल

कोल्हापूरची बस सकाळी बोरिवलीला पोचली, तेव्हा माझी मान आखडली होती आणि पिशवीतल्या कांदा-लसूण चटणीचा डबा उघडून संध्याकाळची साडी लालभडक झाली होती. ती साडी मी खास वसुधाच्या गाण्यासाठी आणली होती.

वसुधा आणि मी एकाच गुरूंकडे गाणं शिकलो. पुढे मी शाळेत गणित शिकवू लागले. ती लग्न होऊन मुंबईला आली आणि गातच राहिली. तिचं नाव झालं ते वरच्या सुरांवर. तिचा आवाज तार सप्तकात शिरला की लोक खुर्चीत पुढे सरकायचे. तीन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. बोलणं हळूहळू परत आलं, वरचे सूर मात्र आले नाहीत. कार्यक्रम थांबले, शिकायला येणाऱ्या मुलीही दुसरीकडे गेल्या. त्यानंतरचं तिचं पहिलं गाणं आज मुलुंडला होतं.

रिक्षा चारकोपच्या सेक्टरांमधून वळणं घेत तिच्या दारात थांबली. तिच्या सासूबाई बाहेरच उभ्या होत्या. सासरे गिरणीत होते; मुंबईत उभा जन्म काढूनही म्हातारीची मालवणी बोली तशीच ठणठणीत.

"ये गो! आधी खावन घे, मगे बोल," म्हणत त्यांनी पुढ्यात घावन (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) आणि नारळाचा गोड रस ठेवला.

वसुधा काही खाईना. नुसतं गरम पाणी पीत होती.

"काय गाणार आहेस?" मी विचारलं.

"पूरिया."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पूरिया खाली, मंद्र सप्तकात फुलणारा राग. वसुधाने तो आजवर मैफलीत कधी गायला नव्हता.

"अशी बघू नको ना! पट्टीसुद्धा खाली घेतलीय. तीन वर्षं घरात दुसरं काय केलं मी? लोकांना जुनी वसुधा हवी असेल, तर वाट लागली माझी."

"आवाज खंय गेलो नाय," आतून सासूबाई ओरडल्या. "खाली जावन बसलो, इतक्याच!"

दुपारी तिचीच जांभळी साडी नेसून मी टॅक्सीत बसले. तानपुरे मागच्या सीटवर आमच्या मधोमध. पवईपर्यंत झकास गेलो आणि तिथे सगळी वाहतूक ठप्प झाली. डावीउजवीकडे काचेच्या इमारती, मधल्या फटीतून तलावाचं चकाकणारं पाणी. वसुधा डोळे मिटून खालच्या सुरात गुणगुणू लागली. थोड्या वेळाने चालकाने एसी बंद केला.

"गळ्याला गार वारा नको, ताई. तुम्ही चालू ठेवा. गाडी काय आता हलत नाय."

मुलुंडला पोचलो तेव्हा श्रोते येऊन बसले होते. गाणं ठेवणाऱ्या संस्थेचे कार्यवाह घाईघाईने दारात आले. माणूस मनाने चांगला, पण धास्तावलेला.

"मॅडम, अर्धा तास झेपेल ना? नाहीतर आपण सत्काराची भाषणं लांबवू."

"भाषणं नंतर बघू," वसुधा म्हणाली आणि तानपुरे जुळवायला बसली.

मी तिच्या मागे तानपुऱ्यावर होते. पहिला सूर लागला आणि समोर कुजबुज झाली. ओळखीचा तो टिपेचा आवाज नव्हताच. हा जाड, थोडा खरखरीत, अंगाला घोंगडी लपेटल्यासारखा ऊबदार होता. ती सावकाश खाली उतरत गेली. मंद्र निषादावर थांबली, आणि कुजबुजही थांबली. मग द्रुत बंदिशीत कोण जाणे काय वाटलं, तिने एक तान थेट वर फेकली. आवाज फाटला.

मी तानपुरा छेडत राहिले. वसुधाने तबलजींना हाताने थांबवलं.

"हे आता माझ्याकडे नाही," ती श्रोत्यांना म्हणाली. "जे आहे, ते ऐकवते."

आणि ती पुन्हा गाऊ लागली. त्याआधी सांभाळून, जपून गात होती, आता तिला कसलीच भीती उरली नव्हती. खालच्या खाली ताना अशा घुमू लागल्या की तबलजी खुशीने हसू लागले आणि पुढच्या रांगेतून "वाऽ!" उमटलं. अर्धा तास होताच कार्यवाह शाल-श्रीफळ घेऊन विंगेत दिसले.

"अहो, थांबा हो!" सभागृहातून एक बाई ओरडल्या. "गाऊ द्या की त्यांना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यवाह नारळ मांडीवर घेऊन तिथेच विंगेत बसले आणि भैरवी संपेपर्यंत हलले नाहीत. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. वसुधाने माझ्याकडे वळून पाहिलं. घामाने कुंकू पसरलं होतं आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले, तेव्हा ती रियाजाला बसली होती. मी दारातून "येते गं" म्हटलं. तिने सूर न सोडता नुसता हात वर केला. मला मुळीच वाईट वाटलं नाही. तीन वर्षं त्या घरात तिच्याकडे वेळच वेळ होता; आता तो नव्हता.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, "मुंबईत काय काय पाहिलंस?"

"चारकोप, पवई आणि मुलुंड."

"इश्श, तिथे काय आहे बघण्यासारखं?"

मी चहा टाकला, तिला बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं. लहानपणापासून मला वाटायचं, गाणं म्हणजे वर चढत जाणं. माझी मैत्रीण खाली उतरली आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहून आले होते.